सपाट जिल्ह्यातले दरडवाले

काही नोकऱ्या अशा असतात की माणूस संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी येत नाही. शाळेतल्या बाई तपासायचे पेपर घेऊन येतात, बँकेतला माणूस डोकेदुखी घेऊन येतो. मी किस्सा घेऊन येते. जीपमधून उतरून अंगणात बूट झाडले की मुरूम खाली पडतो, किस्सा मात्र घरात शिरतो. नवरा ताटावर बसला की विचारतो, "हं, आज काय झालं?" मी सांगते. दुसऱ्या दिवशी तो त्याच्या ऑफिसात सांगतो, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा चांगला सांगतो. असे इतके साठलेत की परवा आमचा निखिल म्हणाला, "मॅडम, नकाशे कमी आणि किस्से जास्त झाले आपल्याकडे. तेच सबमिट करून टाकू."

तर आमचं काम असं. वर्धा जिल्ह्यात दरड कुठे कोसळू शकते, त्याचा नकाशा आम्ही करतो.

हसून घ्या. सगळेच हसतात. वर्धा म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर कापूस, तूर आणि नजर जाईल तिथवर सपाट जमीन येते. पण आर्वी, आष्टी, कारंजाकडे निघालात की रस्ता वळायला लागतो, टेकड्या उभ्या राहतात, आणि त्यांच्या कुशीत गावंही आहेत. तिथे उतार किती, माती कसली, पावसाचं पाणी कुठून उतरतं, पूर्वी काही घसरलंय का, हे पाहून आम्ही नकाशा रंगवतो. लाल म्हणजे धोका, पिवळा म्हणजे जपून, हिरवा म्हणजे बांधा खुशाल. घर, शाळा, पाण्याची टाकी कुठे बांधावी आणि कुठे नाही, एवढं गावाला कळलं की आमचं काम झालं.

आम्ही चौघं. गजभिये सर आमचे प्रमुख, मूळचे सिंदीचे, निवृत्तीला आलेले भूगर्भशास्त्रज्ञ. स्वतः कधी हसत नाहीत, त्यामुळे त्यांचा विनोद समजायला वेळ लागतो. निखिल नागपूरचा. ड्रोन उडवतो आणि कॉम्प्युटरवर नकाशे करतो. नामदेवभाऊ पवनारचे, जीप चालवतात. चौथी मी, दगड फोडणारी मॅडम.

*

आर्वीला एका लग्नात नात्यातल्या आत्या भेटल्या. त्यांची मुलगी कोकणात दिलेली, त्यामुळे दरड हा विषय त्यांच्या चांगला ओळखीचा.

"तू काय करते म्हणे आता?"

"दरडींचा नकाशा करते, आत्या."

"अगं बाई. मंग कोकणात गेली का तू?"

"नाही हो. इथंच, वर्ध्यात."

आत्यांनी मठ्ठ्याचा ग्लास खाली ठेवला. माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी नोकरी गेलेल्या माणसाकडे पाहतात. मग आवाज बारीक करून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं, "मंग दिवसभर काय करते?"

मी हे सरांना सांगितलं. सर म्हणाले, "चांगला प्रश्न आहे. माझ्या बायकोलाही पडतो."

*

आष्टीकडच्या एका गावात आम्ही पहिल्यांदाच जाणार होतो. सरांनी आदल्या दिवशी ग्रामपंचायतीत फोन केला. तिकडे रेंज अशी की एक शब्द पोचतो आणि दोन रस्त्यात राहतात. सर ओरडून सांगत होते, "उद्या सकाळी येतोय. दरड पडण्याची शक्यता आहे का ते पाहायला. लोकांना सांगून ठेवा." तिकडून आवाज आला, "हो हो, सांगतो." सर खूश.

दुसऱ्या दिवशी गावाच्या तोंडाशी आलो तर रस्त्यावर बैलगाडी आडवी. तिच्या मागे झाडून सारा गाव. पुरुषांच्या हातात काठ्या, दोन-चार बायांच्या हातात मुसळ, आणि एका बाईच्या हातात चक्क लाटणं. नामदेवभाऊंनी जीप थांबवली आणि रिव्हर्स गिअर टाकून ठेवला.

"कुणी मोठा माणूस येणार असेल गावात," सर म्हणाले आणि खाली उतरले. उतरताना सवयीनं त्यांनी आपला दगड फोडायचा हातोडा बरोबर घेतला.

तो हातोडा पाहिला आणि गर्दी एक पाऊल पुढे आली.

पोलीस पाटील समोर आले. "कुठून आले तुमी?"

"वर्ध्याहून. काल फोन केला होता मी."

"फोन करून येता? एवढी हिंमत?"

निखिलनं गर्दीतल्या एका पोराला बाजूला घेऊन विचारलं, झालं काय. मग आमच्या डोक्यात उजेड पडला. आदल्या संध्याकाळी कोतवालानं भोंग्यावरून गावाला सांगितलं होतं, की उद्या सकाळी आपल्या गावात दरोडा पडण्याची शक्यता आहे, सगळ्यांनी हजर राहावं.

सरांनी हातोडा जीपमध्ये ठेवला, चष्मा पुसला आणि सांगितलं, "दरोडा नाही हो पाटील. दरड. वरून माती, दगड खाली येतात ती."

पोलीस पाटलांचा चेहरा पडला. "मंग थे सांगा ना पहिले. दरड तं आमच्या इथं पडत नाई."

मागून लाटणंवाल्या बाई म्हणाल्या, "दरोडा तरी कुठं पडते? पण आलो ना सारे पाहाले."

बैलगाडी बाजूला झाली. लोक जमलेलेच होते, तर आम्ही तिथंच रस्त्यावर नकाशा पसरला. कुठल्याही गावात आमच्या बैठकीला इतकी माणसं आली नव्हती. सगळ्यांनी ऐकलं, प्रश्न विचारले, डोंगराकडून पाणी कसं येतं ते दाखवायला वर घेऊन गेले.

परतताना निखिल म्हणाला, "सर, पुढच्या गावातही असंच सांगू का?"

सर नाही म्हणाले. पण लगेच नाही म्हणाले नाहीत.

*

कारंजाकडच्या एका गावची ग्रामसभा. भिंतीवर नकाशा लावला. वरचा मोहल्ला लाल, मधला पिवळा, खालचा हिरवा. सर रंगांचा अर्थ सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मागून एक म्हातारबुवा उठले.

"आमचा मोहल्ला लाल काऊन? आमी काय त्या पार्टीचे हाओत काय?"

हिरव्यातले उठले. "आमाले कोनी विचारलं होतं का हिरवा देऊ म्हणून?"

पिवळ्यातला एक जण म्हणाला, "आमचं बरं हाय बाप्पा. आमी कोनाचेच नाई." दहा मिनिटं नुसता रंगांचाच गोंधळ. सरपंचबाई हुशार होत्या. त्यांनी टेबल वाजवून सगळ्यांना खाली बसवलं आणि सरांच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "सर, माहं घर वरच्या मोहल्ल्यात हाय. पुढं इलेक्शन हाय. तेवढं एक घर हिरवं करून द्या न."

"ताई, रंग मी देत नाही. उतार देतो."

"मंग उताराले सांगा."

शेवटी सरांनी सगळं समजावलं. लाल भागात नवं बांधकाम नको, असलेल्या घरांच्या मागे पाणी वाहून न्यायला नाल्या काढा, भेगा दिसल्या तर कळवा. आणि बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं, की लाल भागातल्या कच्च्या घरांना दुसरीकडे घरकुल मिळावं अशी आम्ही शिफारस करतो.

 

मग हिरव्यातला एक जण उठला. "सर, आमच्या घरामागं बी थोडा उतार हाय."

पिवळ्यातला म्हणाला, "थोडा? माह्या घरात भाकर टाकली तं गडगडत दाराशी जाते."

सगळे एकदम बोलायला लागले. ज्याच्या त्याच्या घरामागे डोंगर उभा राहिला. सरपंचबाईंनी पुन्हा टेबल वाजवलं, गावाकडे एकदा पाहिलं आणि सरांना म्हणाल्या, "सर, भांडन कायले पायजे? पूरा गावच लाल करून टाका."

*

ड्रोनचा किस्सा छोटा आहे.

आर्वीच्या वरच्या अंगाला संत्र्याच्या बागा आहेत. एका बागेमागच्या टेकडीचे फोटो घ्यायचे म्हणून निखिलनं ड्रोन उडवला. घर्र आवाज झाला आणि बागेतून वानरांचं अख्खं खटलं झाडं सोडून पळालं, थेट नाल्यापलीकडे. बागमालक मचाणावरून पाहत होते. खाली आले, निखिलच्या खांद्यावर हात ठेवला.

"भाऊ, हे काय हाय?"

"ड्रोन. दरडीचा सर्व्हे करून राह्यलो, काका."

"दरड राहू दे. रोज येत जा."

त्या दिवशी आम्हाला बागेतच जेवण मिळालं. भाकर, झुणका, ठेचा, आणि निघताना पोतंभर संत्री. सरांनी संत्री घ्यायला ठाम नकार दिला. नामदेवभाऊंनी सरांच्या नकाराचा मान ठेवून पोतं मागच्या सीटखाली, सरांना दिसणार नाही असं ठेवलं.

आठवडाभरात शेजारच्या गावातून ऑफिसात अर्ज आला. आमच्या गावी दरडीचा अतिशय धोका असून वांदर हाकलण्याचे विमान तातडीने पाठवावे, ही विनंती.

सरांनी त्यावर शेरा मारला, "दरड नाही. वांदरं आहेत. दोन्ही वरूनच येतात, म्हणून हा अर्ज आमच्याकडे आला असावा."

*

मुरुमाचा किस्सा सांगताना मला अजून थोडं गंभीर व्हायला होतं. त्याचं कारण सर आहेत.

नोकरीच्या सुरुवातीला सरांची नेमणूक घाटातल्या एका जिल्ह्यात होती. एका पावसाळ्यात तिथे डोंगर खाली आला, आणि मदतीला गेलेल्या लोकांत सर होते. त्याबद्दल ते बोलत नाहीत. आम्हीही विचारत नाही. फक्त एवढं आम्हाला कळलंय, की उताराखाली झोपडी दिसली की सरांचा विनोद बंद होतो.

एका टेकडीचा पायथा कापून रस्त्यासाठी मुरूम काढणं चाललं होतं. पायथा कापला की वरचा डोंगर लोंबकळत राहतो, हे समजायला शास्त्र लागत नाही. आम्ही पोचलो तेव्हा उभी भिंत तयार झालेली. वर गवतात भेग. आणि बरोबर त्या भिंतीखाली टिनाची शेड, त्यात खोदकामावरची मजूर कुटुंबं. बाहेर चूल पेटलेली, एक बाई पोराला आंघोळ घालत होती.

ठेकेदार तिथंच होते. पांढरे कपडे, पांढरे बूट, पांढरी नवीकोरी गाडी, जिच्या सीटवरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं. सरांनी त्यांना भेग दाखवली. पाऊस लागला की ही सगळी भिंत खाली येईल, म्हणाले.

ठेकेदार मोकळेपणानं हसले. "सर, तुमी उलटं पाहून राह्यले. आमी डोंगर पूरा काढूनच टाकून राह्यलो. डोंगरच नाई राहिला तं दरड येईन कुठून?"

 निखिल नुसता भेगेकडे पाहत होता.

"निदान ही शेड हलवा," सर म्हणाले.

"हलवू ना. पुढच्या महिन्यात."

"आज हलवा."

"सर, आज मानसं कामावर हायेत. तुमी टेन्शन नका घेऊ. इतके दिवस काही झालं काय?"

 सर भिंतीच्या कडेकडेनं चालत गेले, वर पाहिलं, खाली पाहिलं. मग परत येऊन अगदी सहज विचारलं, "गाडी तुमची का?"

"हो. मागच्याच आठवड्यात घेतली."

"छान आहे. तिच्या बरोब्बर वर एक दगड सुटलाय. बहुतेक नाही पडायचा."

ठेकेदारांनी वर पाहिलं. किल्ली काढली. आमच्याशी बोलता बोलताच ते चालायला लागले, मग पळायला लागले, आणि गाडी शेतापलीकडे, बाभळीखाली जाऊन उभी राहिली. ते परत आले तेव्हा सगळे मजूर हातातलं काम थांबवून त्यांच्याकडे पाहत होते. पोराला आंघोळ घालणारी बाईसुद्धा.

सर म्हणाले, "गाडी हलली. आता माणसं."

 ठेकेदारांनी पांढऱ्या बुटानं एक खडा उडवला, मग पोकलेनवाल्याला हाक मारली. दुपारपर्यंत शेड बाभळीच्या बाजूला उभी होती, गाडीच्या शेजारी.

जीपमध्ये बसल्यावर निखिलनं विचारलं, "सर, दगड खरंच सुटला होता?"

"कुठला दगड?" सर म्हणाले.

*

आता नामदेवभाऊ. आमच्याबरोबर फिरून फिरून त्यांना एक आजार जडला. ते कुठेही उतार पाहतात. जीप उभी करताना हँडब्रेक तर ओढतातच, वर प्रत्येक चाकाला दगड लावतात. पवनारला त्यांचं घर अगदी सपाटीवर, तरी निखिलकडून त्यांनी खात्री करून घेतली. "पूरा हिरवा ना? मधात कुठं पिवळं ठिपकं नाई ना?"

त्यांची मुलगी प्रणाली नर्सिंग शिकलेली. तिला आर्वीकडचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक, घर चांगलं, माणसं चांगली. भाऊंनी पाहुण्यांच्या गावी जायचा दिवस ठरवला आणि मला म्हणाले, "मॅडम, तुमी चाला. तुमाले मानसं कळतात." मला काय, मी गेले. प्रणालीही बरोबर होती. तिथं गेल्यावर कळलं की त्यांना माणसांची चौकशी करायचीच नव्हती.

चहा-पोहे झाले. मुलाचे वडील शेती सांगत होते. कापूस किती, विहिरीला पाणी किती. भाऊ ऐकत होते, पण त्यांची नजर मागच्या दारातून बाहेर गेलेली. मागे टेकडी होती, घराच्या भिंतीला अगदी लागून कापलेली.

"हे कटिंग केव्हा केलं तुमी?" भाऊंनी विचारलं.

"कोनतं?"

"मागचं. पावसात पानी कुठून जाते?"

मुलाच्या वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांकडे पाहिलं.

"भाऊ, लोक पोराची नोकरी विचारतात," ते म्हणाले.

"नोकरी चांगलीच हाय. पोरगा बी चांगला हाय. पण घर लालमध्ये हाय."

बैठकीत कुणाला काही कळेना. मुलाची आई आतून बाहेर आली. लालमध्ये म्हणजे मुलाला मंगळ आहे की काय, असं तिला वाटलं. मग मी सगळं समजावलं. मुलगा इतका वेळ गप्प होता. तो उठला, भाऊंना म्हणाला, "काका, दाखवा बरं काय करायचं." दोघं मागे गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. प्रणाली खिडकीतून पाहत होती. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मॅडम, बाबा त्याच्याशी जेवढं बोलले ना, तेवढं माह्याशी महिन्यात बोलत नाहीत."

त्या उन्हाळ्यात टेकडीच्या बाजूनं दगडी भिंत उभी राहिली. वर पाणी वळवायला नाली, आणि भिंतीत मागचं पाणी निघून जायला जागोजागी भोकं. लग्न झालं. वरात मुलाच्या दाराशी आली, बँड वाजला, सगळे नाचले. आम्ही नामदेवभाऊंना शोधत होतो. ते घरामागे होते, एकेका भोकात हात घालून पाहत होते, की कुठं सिमेंट तर अडकलं नाही ना.

*

शेवटचा किस्सा थूल गुरुजींचा.

गजभिये सरांना शाळेत भूगोल थूल गुरुजींनी शिकवला. निवृत्तीनंतर गुरुजी पत्नीला, म्हणजे कमलताईंना घेऊन आपल्या मूळ गावी राहायला आले. हे गाव आमच्या लाल पट्ट्यात. गुरुजींनी गावाच्या टोकाला जागा घेतली आणि घराचं जोतं बांधलं. मागे हिरवीगार टेकडी. चित्रात काढावी अशी जागा. आमच्या नकाशावर मात्र तिथे अगदी गडद लाल. टेकडीवर झाडं कललेली, आणि पायथ्याशी पावसाळ्यात झरे फुटत होते.

सर त्यांच्याकडे गेले. आम्ही मागे उभे. पन्नाशी ओलांडलेले, जिल्ह्याला माहीत असलेले आमचे सर गुरुजींपुढे हात बांधून उभे राहिले, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"गुरुजी, इथं नका बांधू."

"काऊन?"

"टेकडी घसरू शकते."

"गजभिये," गुरुजी म्हणाले, "डोंगर कसे तयार होतात ते तुले कोणी शिकवलं?"

"तुम्ही, गुरुजी."

"मंग?"

 सरांनी नकाशाची एक प्रत गुरुजींच्या हातात दिली. गुरुजींनी ती उत्तरपत्रिकेसारखी पाहिली, दिशा बरोबर दाखवल्यात का ते तपासलं आणि घडी करून कमलताईंकडे दिली.

त्यानंतर सर तीन-चारदा तरी गेले असतील. कधी सोबत फोटो, कधी निखिलचे ड्रोनचे व्हिडिओ. गुरुजी दरवेळी चहा देत, दरवेळी ऐकून घेत आणि दरवेळी म्हणत, "तुहं अक्षर अजून सुधरलं नाई." 

मग एकदा गेलो, तर जुन्या जोत्यावर गवत. आणि रस्त्याच्या पलीकडे, टेकडीपासून चांगलं दूर, उंचवट्यावर नव्या घराच्या भिंती कमरेएवढ्या आलेल्या. सर जीपमधून उतरले आणि तसेच उभे राहिले. गुरुजी विटांवर पाणी मारत होते. सरांना पाहून चेहरा आणखी आंबट केला. "झालं तुह्या मनासारखं," एवढंच म्हणाले.

सरांना काय आनंद झाला म्हणून सांगू. त्यानंतर कुठेही प्रशिक्षण असो, कुठलीही सभा असो, सर थूल गुरुजींच्या घराचे दोन फोटो दाखवायचे. जुनं जोतं, नवं घर. "हट्टी माणसालाही नकाशा पटतो," म्हणायचे. "शास्त्र धीरानं सांगितलं पाहिजे." ऐकणारे टाळ्या वाजवायचे. आम्हाला ते भाषण पाठ झालं.

पुढच्या पावसाळ्यात झड लागली. अशी झड की कपडे वाळेनात. तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी सरांचा फोन वाजला. गुरुजी होते.

"गजभिये, ये. तुहा पाहुणा आला."

आम्ही गेलो. टेकडीचा मोठा तुकडा निसटून खाली आला होता. माती, दगड, मुळांसकट उपटलेलं मोहाचं झाड, सगळं येऊन जुन्या जोत्यावर बसलेलं. जोत्याची एक कडा तेवढी दिसत होती. बैठकीची जागा होती तिथं घराएवढा खडक. गुरुजी छत्री घेऊन तिथंच उभे होते. सर जवळ गेले, तेव्हा गुरुजींनी त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.  आम्ही मागे उभे राहिलो.

मग सगळे नव्या घरात आलो. कमलताईंनी चहा ठेवला. सर स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची घेऊन बसले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मऊ झाला होता.

"ताई, एक विचारू? गुरुजींनी तर माझं ऐकलं नसतं. नकाशा त्यांना तुम्हीच पटवून दिला ना?"

"कोनता नकाशा?"

"मी दिलेला. लाल, पिवळा, हिरवा."

"हां, थो." कमलताईंनी कपाट उघडून दाखवलं. नकाशा डब्यांखाली अंथरलेला होता. लाल भागावर तिखटाचा डबा. "कागद चांगला जाड होता."

सरांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी छत्रीचं पाणी निथळवत होते, अगदी मन लावून.

"मग जागा का बदलली, ताई?"

"तिकून यष्टी दिसत नोती. कोन उतरते थे कसं कळन?"

निखिलला हसू आलं आणि त्यानं ते खोकल्यात लपवलं. 

बाहेर हॉर्न वाजला. आर्वीकडून येणारी एसटी वळणावर आली होती. कमलताईंनी गॅस बारीक केला, हात पदराला पुसले आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. गुरुजींनीही छत्री भिंतीला टेकवली आणि ते त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. का कोण जाणे, पण आम्ही चौघंही उठलो.

गाडी पावसात थांबली. दार उघडलं. कोणी उतरलं नाही. कंडक्टरनं बाहेर पाहिलं, घंटी दिली, आणि गाडी पुढे गेली.

"आता दुपारची," कमलताई म्हणाल्या, आणि गॅस मोठा केला.